हवा आत, राख बाहेर

श्रावणातल्या एखाद्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळात, टाकवे ओलांडून वडेश्वर-खांडीच्या अंगाला, एखाद्या गोठ्यात गाय उठत नाही. काल संध्याकाळपर्यंत ती चारा खात होती, दूध देत होती. आता पोट फुगलंय, नाकातून काळसर रक्त आलंय आणि ते गोठत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, पान लागलं असेल. कोणी म्हणतं, विषारी पाला खाल्ला असेल. जनावरांचे डॉक्टर येतात. ते अनुभवी असतील तर पोटाला सुरी लावत नाहीत. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात, टोचलेली जागा जंतुनाशकात भिजवलेल्या कापसानं दाबून बंद करतात आणि तिथंच थांबतात.

हे थांबणं हा पशुवैद्यकातल्या सर्वांत जुन्या सुरक्षा-नियमांपैकी एक आहे. शंका असते फाशीची. हा रोग माणसाला झाला की त्याला काळपुळी म्हणतात. त्याचे जंतू मेलेल्या जनावराच्या बंद शरीरात, कुजण्याच्या क्रियेत, थोड्याच दिवसांत मरून जातात. पण शरीर उघडलं, रक्ताला हवा लागली, की हेच जंतू टणक कवचाचे बीजाणू तयार करतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. एका सुरीनं एक गाय उघडायची आणि पुढच्या दोन पिढ्यांचं कुरण नासवायचं, असा तो व्यवहार होतो. म्हणून सुरी पिशवीतच राहते.

उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळा म्हटलं की डोळ्यांसमोर पोलादी दारं, अंतराळवीरासारखे पोशाख आणि लाल दिवे येतात. या प्रकरणात त्यांच्याबद्दलही सांगायचं आहे. पण त्या प्रयोगशाळेचं पहिलं दार या गोठ्यात आहे. तिथं चूक झाली, तर पुढच्या सगळ्या पोलादी दारांचा उपयोग फार थोडा.

रोगी जनावर वस्तीपासून दूर हवं, ही गोष्ट पुण्याला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती, आणि ती कळल्यामुळेच पुण्यानं एक मोठी संस्था गमावली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गुराढोरांचा काळ ठरलेला रोग म्हणजे बुळकांड्या. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात दावणच्या दावण मोकळी. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, डिसेंबर १८८९ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. पशुरोगांच्या संशोधनासाठी देशात उभारलेली ही पहिली मोठी संस्था. तिच्यावर डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांची नेमणूक झाली.

अडचण लगेच ध्यानात आली. बुळकांड्याचा अभ्यास करायचा तर बुळकांड्या झालेलं जनावर जवळ ठेवायला हवं. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथं टांग्याला घोडा, घाण्याला बैल आणि दारात गाय बांधलेली, तिथं असं जनावर ठेवणं म्हणजे सुक्या गंजीशेजारी शेकोटी पेटवणं. लिंगार्ड यांना वस्तीपासून तुटलेली आणि थंड हवेची जागा हवी होती. ती मिळाली कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला, सुमारे साडेसात हजार फुटांवर. १८९३ मध्ये प्रयोगशाळा पुण्यातून तिकडं गेली. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आलेले रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरलाही जाऊन आले. पुढं हीच संस्था भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

त्या काळी सुरक्षेचं साधन एकच होतं, अंतर. डोंगर, दरी, नाहीतर समुद्र मधे घालायचा. जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर यांनी पाऊल फ्रॉश यांच्यासोबत १८९८ मध्ये दाखवून दिलं, की लाळ-खुरकूत ज्यानं होतो तो घटक जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतो. प्राण्यांमधल्या विषाणूची ही पहिली ओळख. पण लोफ्लर यांचे प्रयोग चालू असताना ग्राइफ्सवाल्ड गावाभोवतीच्या गोठ्यांत लाळ-खुरकूत दिसू लागला, तेव्हा त्यांचं काम थांबवावं लागलं. १९१० मध्ये त्यांना बाल्टिक समुद्रातलं रीम्स नावाचं बेट देण्यात आलं. अमेरिकेनंही पुढं याच कामासाठी न्यूयॉर्कजवळचं प्लम बेट निवडलं. १९७८ मध्ये तिथंही विषाणू प्रयोगशाळेच्या इमारतीतून निसटला आणि बाहेरच्या आवारात राखून ठेवलेल्या निरोगी जनावरांपर्यंत पोचला. आवारातली सगळी जनावरं मारावी लागली. समुद्रानं रोग मुख्य भूमीवर जाऊ दिला नाही, हे खरं. पण इमारत फुटली होती, हेही तितकंच खरं.

लाळ-खुरकुताच्या विषाणूला अंतराचं फार काही वाटत नाही, हे १९८१ मध्ये आणखी स्पष्ट झालं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या आजारी डुकरांच्या श्वासातून बाहेर पडलेला विषाणू वाऱ्यावर स्वार होऊन, खाडी ओलांडून, अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या वाइट बेटावरच्या गुरांपर्यंत गेला. हवा थंड आणि दमट असली, की तो असा प्रवास करू शकतो. मावळात राहणाऱ्याला दमट हवा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून विसाव्या शतकात डोंगर आणि समुद्र यांचं काम भिंतींनी, पंख्यांनी आणि गाळण्यांनी हाती घेतलं. भारतात हे काम भोपाळला झालं. तिथली उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली. आज बर्ड फ्लूची शंका देशात कुठंही आली, तरी शेवटचा शब्द भोपाळचा असतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जनावरांची प्रयोगशाळा माणसांच्या रोगांच्या प्रयोगशाळेपेक्षा इथंच वेगळी होते. माणसाच्या रक्ताची नळी तपासायची तर ती काचेच्या बंद कपाटात ठेवता येते. हात आत, चेहरा बाहेर, हवा आतल्या आत गाळली जाते. हे कपाट म्हणजे पहिलं कवच आणि खोली म्हणजे दुसरं. पण चारशे किलोची गाय कुठल्या कपाटात ठेवणार? ती श्वास सोडते, लाळ गाळते, शेण टाकते, अंग झाडते. तिच्यासाठी अख्खी खोलीच कपाट बनवावी लागते. भिंती, छत, जमीन, नळांची आणि तारांची भोकं सगळी हवाबंद. खोलीत दाब देऊन तो किती वेळात किती उतरतो, हे मोजून मगच ती वापरायला घेतात. आणि त्या खोलीत काम करणारा माणूस कपाटाच्या आत उभा असतो. मोठ्या जनावरांसाठीच्या अशा सोयीला जैवसुरक्षेच्या चार स्तरांपैकी तिसऱ्या स्तराचीच, पण वेगळी, अधिक कडक पायरी मानतात.

खोलीचं गणित ऐकायला साधं आहे. बाहेरच्या वऱ्हांड्यापेक्षा आतल्या मार्गिकेत हवेचा दाब कमी, मार्गिकेपेक्षा गोठ्यात आणखी कमी. त्यामुळे दार उघडलं, की हवा नेहमी आत ओढली जाते, बाहेर येत नाही. दाराच्या फटीशी धुराची बारीक रेघ धरली, तर ती आत वळलेली दिसली पाहिजे. तशी दिसली नाही, तर त्या दिवशी काम नाही. आतली हवा बाहेर टाकण्याआधी अशा गाळण्यांतून जाते, ज्या ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतात. लाळ-खुरकुतासारख्या रोगात अशा दोन गाळण्या एकामागोमाग असतात.

पण पंखे विजेवर चालतात. बाहेर हवा फेकणारा पंखा बंद पडला आणि आत हवा ढकलणारा चालूच राहिला, तर खोली फुग्यासारखी भरते आणि हवा उलट्या वाटेनं बाहेर येते. म्हणून दोन्ही पंखे एकमेकांना जखडलेले असावे लागतात, एक थांबला की दुसरा आपोआप थांबला पाहिजे. जनित्र असून भागत नाही. ते किती सेकंदांत सुरू होतं आणि त्या सेकंदांत दाब कुठं जातो, हे मुद्दाम वीज तोडून पाहावं लागतं. पावसाळ्यात दर आठवड्याला वीज जाणाऱ्या मुलखात हे पाहणं कधी राहून गेलं, तर बाकी सगळा खर्च वाया.

गाय या खोलीत एका दारानं आत जाते. त्या दारानं ती परत येत नाही. प्रयोग संपला, की तिला वेदना न देता मारलं जातं आणि तिचं शरीर भट्टीत जळतं किंवा तीव्र अल्कलीच्या पात्रात उच्च तापमानाला विरघळवलं जातं. बाहेर येते ती राख किंवा निर्जंतुक द्रव. हे लिहितानाही हात जड होतो, आणि आत काम करणाऱ्यांचा तर रोज होतो. म्हणूनच कोणत्याही नव्या प्रयोगाला पहिला प्रश्न विचारला जातो, की जनावर वापरल्याशिवाय हे कळणार नाही का? पेशींवर कळत असेल तर जनावर आणू नये. कमी जनावरांत भागत असेल तर जास्त आणू नयेत. दयेचा नियम आणि सुरक्षेचा नियम इथं एकच आहे. खोलीत जनावरं जितकी कमी, तितका विषाणूही कमी.

माणूस मात्र परत येतो, आणि खरी मेख तिथं आहे. आत जाताना अंगावरचं सगळं, अंगठी, घड्याळ, चष्म्याची दोरीसुद्धा, बाहेर ठेवायची. आतले कपडे आतच राहतात. येताना डोक्यावरून अंघोळ, केस धुऊन, नाक शिंकरून. एवढं करूनही लाळ-खुरकुताचा विषाणू माणसाच्या नाकात दिवसभर तग धरू शकतो, हे ब्रिटिश संशोधकांनी १९७० च्या सुमारास दाखवलं. माणसाला त्याचा जवळजवळ काही त्रास होत नाही, तो फक्त वाहून नेतो. म्हणून अशा प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यानं पुढचे काही दिवस गाई, म्हशी, शेळ्या, डुकरं यांच्या जवळ जायचं नसतं. शहरी माणसाला हा नियम किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत, ज्याचा भाऊ बैलगाडा पळवतो, अशा मावळातल्या तरुणाला अशा ठिकाणी नोकरी मिळाली, तर त्याला संध्याकाळी धार काढायला बसता येणार नाही. पोळ्याला बैलाच्या गळ्यात हात टाकता येणार नाही. असा नियम कागदावर सही घेऊन पाळला जात नाही. नोकरी देण्याआधी त्याच्या घरी कोण काय सांभाळतं हे विचारावं लागतं, आणि उत्तर अडचणीचं असेल तर त्याला आतल्या खोलीऐवजी दुसरं काम द्यावं लागतं.

इथं धोक्याची दोन मापं लागतात. एक, हा जंतू काम करणाऱ्याला काय करील? दोन, बाहेर निसटला तर मुलखातल्या जनावरांना काय करील? ब्रुसेलाचं पहिलं माप मोठं. तो गाभण गाईचा गर्भ पाडतो आणि माणसाला महिनोन्‌महिने ताप देतो. लाळ-खुरकुताचं पहिलं माप जवळपास शून्य आणि दुसरं प्रचंड. बर्ड फ्लूची दोन्ही मापं भारी. प्रत्येक जंतूसाठी वेगळी कार्यपद्धती लागते ती यामुळे. एकच जाडजूड नियमपुस्तक सगळ्यांना लावलं, की लोक त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं तेच विसरतात.

महाराष्ट्राची पहिली मोठी परीक्षा नवापूरला झाली. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या. सुरुवातीला अनेकांना ती मानमोडी, म्हणजे राणीखेत वाटली. नमुने भोपाळला गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला उत्तर आलं, एच-५ एन-१. भारतातला हा बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक. अडीच लाखांच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या. ताप आलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. माणसांत लागण आढळली नाही. ज्या पशुवैद्यकांनी आणि कामगारांनी आयुष्यात कधी पूर्ण अंगाचा पोशाख घातला नव्हता, त्यांनी त्या काही दिवसांत तो घालून, घामानं भिजत, कोंबड्या पोत्यात भरल्या आणि खड्ड्यात पुरल्या. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्यानं जैवसुरक्षेचे जे धडे नंतर गिरवले, त्यांचा पहिला पाठ नवापूरच्या शेडमध्ये झाला.

नमुन्याचा प्रवास हाही याच धड्याचा भाग. रक्ताची किंवा खपलीची नळी घट्ट बुचाची. तिच्याभोवती कापूस, इतका की नळी फुटली तर सगळं पाणी शोषून घेईल. मग दुसरा न गळणारा डबा. त्याच्याबाहेर बर्फाच्या पिशव्या आणि थर्माकोलचा खोका. माहितीचा कागद नळीला गुंडाळायचा नाही, दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवायचा, म्हणजे पलीकडच्या माणसाला उघडण्याआधीच कळेल की आत काय आहे. लाळ-खुरकुताचा नमुना असेल तर तो आम्ल द्रवात ठेवला की विषाणू मरतो आणि सगळी धडपड फुकट जाते. उलट गोठा धुताना हेच कामी येतं. लिंबूसत्वाचं पाणी, किंवा उलट टोकाचा, अल्कली असलेला साधा धुण्याचा सोडा, पाण्यात चार टक्के, या विषाणूला पुरतो. मावळातून असा खोका आधी पुण्यात औंधला, राज्याच्या रोग अन्वेषण विभागात जातो. शंका मोठी असेल तर तिथून भोपाळला.

आता सांडपाण्याकडे वळू. या विषयातली सर्वांत शिकवणारी दुर्घटना ना हवेतून घडली, ना सुईतून. ती गटारातून घडली.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात पिरब्राइट नावाचं गाव आहे. तिथं एकाच आवारात सरकारी पशुरोग संस्था आणि एका खासगी कंपनीचा लाळ-खुरकुताच्या लशीचा कारखाना होता. ३ ऑगस्ट २००७ ला जवळच्या एका शेतावरच्या गुरांत लाळ-खुरकूत सापडला. विषाणूचा वंश तपासला, तेव्हा तो १९६७ च्या साथीतून वेगळा काढून केवळ प्रयोगशाळांत आणि लस-कारखान्यांत जपलेला निघाला. निसर्गात तो फिरतच नव्हता. म्हणजे तो आवारातूनच आला होता. चौकशीत चित्र उलगडत गेलं. कारखान्याचं सांडपाणी एकदा रसायनानं मारलं जाई, आणि मग जुन्या नळ्यांतून आवाराच्या दुसऱ्या टोकाला अंतिम प्रक्रियेसाठी जाई. त्या नळ्यांना तडे होते, झाडांची मुळं आत शिरली होती, चेंबरांची झाकणं नीट बसत नव्हती. जुलैमध्ये जोराचा पाऊस झाला आणि पाणी वर आलं. त्याच वेळी आवारात बांधकाम चालू होतं. मालमोटारींच्या चाकांना लागलेला चिखल गावच्या रस्त्यावर गेला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळून आठ ठिकाणी रोग निघाला.

नळ्या जुन्या झाल्यात हे कित्येक वर्षं माहीत होतं. दुरुस्तीचा पैसा कोणी घालायचा, यावर एकमत होत नव्हतं. शिवाय ज्या सरकारी खात्यानं परवाना द्यायचा आणि तपासणी करायची, तेच खातं त्या संस्थेच्या कामाचं मोठं गिऱ्हाईक होतं. चौकशीनंतर ही दोन कामं वेगळी करण्यात आली. हा बदल, या पुस्तकाच्या मते, नव्या नळ्यांइतकाच महत्त्वाचा होता. जो काम देतो त्यानंच तपासणीही करायची, अशी व्यवस्था कुठल्याही देशात टिकत नाही.

आता हा धडा मावळाला लावून पाहू. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सरेमध्ये वर्षभरात पडतो तेवढा इथं आषाढातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात येऊन जातो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात उद्या कोणी पशुलशीचा किंवा पशुरोगाचा उच्च सुरक्षेचा प्रकल्प आणला, तर नकाशात पहिली रेघ सांडपाण्याची ओढली पाहिजे. पावसाचं पाणी आणि प्रयोगशाळेचं पाणी कधी, कुठंही एकत्र येणार नाही. निर्जंतुकीकरणाची टाकी इमारतीच्या आत, कवचाच्या आत असेल. पाणी उकळून, तापमानाची नोंद तपासूनच पुढं सोडलं जाईल. नळी जमिनीत पुरलेली नसेल, डोळ्यांना दिसेल अशी असेल, खाली दुसऱ्या नळीचं किंवा पन्हळीचं आवरण असेल. इंद्रायणी आणि पवना इथूनच खाली पुण्याच्या बाजूला उतरतात. हे पाणी लाखो माणसं आणि जनावरं पितात.

दुसरी दुर्घटना चीनच्या लांचौ शहरातली. २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या एका कारखान्यात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनत होती. टाक्यांमधून बाहेर पडणारी हवा जंतुनाशकानं शुद्ध करायची असते. त्या दिवसांत वापरलेलं जंतुनाशक मुदत संपलेलं होतं. जंतू बारीक थेंबांतून हवेत गेले आणि वारा त्यांना शेजारच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेकडे घेऊन गेला. संस्थेतले विद्यार्थी आणि कर्मचारी आजारी पडले, ते वर्षाच्या शेवटी लक्षात आलं. पुढच्या वर्षभरात दहा हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात लागणीच्या खुणा सापडल्या. इथं भिंत पडली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. डब्यावरची तारीख कोणी वाचली नव्हती.

पुण्यातही असे कारखाने आहेत, आणि त्यांच्याकडे केवळ भीतीनं पाहू नये. मांजरी खुर्दला सुमारे १२ हेक्टर जागेवर १९७३ पासून लाळ-खुरकुताची लस बनत होती. जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणात वाढवायचा आणि मग रसायनानं मारायचा, असं हे काम. २०२१ मध्ये कोविडच्या लशीसाठी तिसऱ्या स्तराच्या सुरक्षेची जागा तातडीनं हवी होती, तेव्हा नजर नेमकी याच आवाराकडे वळली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२१ मध्ये न्यायालयानं ते आवार लस-उत्पादनासाठी वापरायला परवानगी दिली. लाळ गाळणाऱ्या गुरांसाठी जी शिस्त आणि ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्या माणसांच्या उपयोगी पडण्याजोग्या होत्या. पशुरोगांवर खर्च झालेला पैसा वाया गेला, असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

पुण्यातल्याच पाषाणची गोष्ट त्याहून थेट आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात १९५२ मध्ये सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा याच संस्थेनं नव्या विषाणूचा छडा लावला. गोचिडीतून पसरणाऱ्या या विषाणूनं त्यावर काम करणाऱ्या अनेकांना प्रयोगशाळेतच गाठलं. तो आज सर्वांत धोकादायक गटात मोडतो, त्यामागं हाही अनुभव आहे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत सानंद तालुक्यातल्या कोलाट गावी क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप निघाला. रुग्ण बाई गेली, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, परिचारिका गेली. हाही गोचिडीचा रोग. गुरं आणि शेळ्या तो अंगावर वागवतात, त्यांना त्याचा त्रास दिसत नाही. निदान पुण्यात झालं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, पाषाणच्या आवारात चौथ्या स्तराची, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा उभी राहिली. देशातली पहिली.

तिथं माणूस पोशाखाच्या आत असतो आणि पोशाखात नळीवाटे सतत ताजी हवा येत असते. पोशाखाला भोक पडलं तरी हवा बाहेर ढकलली जाते, जंतू आत येत नाही. आत एकट्यानं जायचं नाही, निदान दोघं हवेत. बाहेर येताना पोशाखासकट रसायनाचा फवारा. सगळ्यांत जपायची वेळ आत असतानाची नसते, पोशाख उतरवतानाची असते. थकलेला माणूस घाईनं बाहेरचा हातमोजा पकडून ओढतो आणि बोट उघड्या कातडीला लागतं.

ही सवय पुस्तकातून येत नाही, ती अंगात भिनवावी लागते. ती भिनवण्याच्या दोन जागा मावळातच आहेत, ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात असते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी तळावर २०१९ मध्ये ‘अभेद्य’ नावाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. अणू, जैविक आणि रासायनिक धोक्यात जहाजावर काम कसं करायचं, याचा सराव नौसैनिकांना तिथं मिळतो. आणि तळेगावजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. दरड, पूर यांच्याबरोबर जैविक आपत्तीचा सरावही या दलाच्या कामाचा भाग. अशा सरावाची पद्धत साधारण सारखी असते. आधी पोशाख घालून साधी कामं करायची, पेच फिरवायचा, गाठ मारायची, कागदावर लिहायचं. मग हातमोज्यांवर चमकणारी निरुपद्रवी पूड लावायची, पोशाख उतरवायचा आणि अतिनील दिव्याखाली उभं राहायचं. गालावर, मनगटावर, कानामागे पूड चमकली, की कळतं कुठं चुकलं. आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

पशुरोगाच्या प्रयोगशाळेतही हाच क्रम हवा. खरा विषाणू आणण्याआधी रंगीत पाणी, नंतर निरुपद्रवी जंतू, आणि मगच खरा. गाय लाथ मारते, शिंग लावते, म्हणून खोड्यात जनावर जखडण्याचा सरावही पोशाख घालूनच करायला हवा. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ जाड डब्यात टाकायची. आणि कार्यपद्धती लिहायची तर ती ज्यानं लादी पुसायची, भट्टी पेटवायची, टाकीचा कॉक फिरवायचा, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहायची. पुण्याजवळच्या प्रयोगशाळेत सगळ्या सूचना इंग्रजीत लावल्या आणि सफाई करणाऱ्या माणसाला त्यातलं अक्षर कळलं नाही, तर त्या भिंतीवर असून नसल्यासारख्या. त्या लिहिताना त्याला शेजारी बसवावं. कुठला टप्पा प्रत्यक्षात कोणी करत नाही आणि का करत नाही, हे त्याच्याइतकं अधिकाऱ्याला ठाऊक नसतं.

तोच माणूस चूक पहिल्यांदा पाहतो, म्हणून चूक सांगणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. हातमोजा फाटला, नळी सांडली, पंखा बारा सेकंद थांबला, हे सांगितल्याबद्दल पगार कापला गेला, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही, आणि न सांगितलेल्या बारा सेकंदांतून साथ निघू शकते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा २००९ मध्ये झाला. लस बनवणाऱ्या, तपासणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेतून रोगजंतू बाहेर निसटू नये, ही जबाबदारी त्यानं संस्थेच्या प्रमुखावर टाकली आहे. त्याच कायद्यानं दुसऱ्या टोकालाही एक कर्तव्य सांगितलं आहे. जनावरात असा रोग असल्याची शंका आली, तर मालकानं ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं. प्रयोगशाळेचा संचालक आणि खांडीचा शेतकरी, दोघांची कर्तव्यं एकाच कायद्यात आहेत.

बुळकांड्या आता जगात नाही. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ चा, आणि २०११ मध्ये जगानं त्याचा अंत जाहीर केला. जनावरांच्या रोगांपैकी माणसानं मुळासकट संपवलेला हा एकमेव. त्याचा विषाणू मात्र जगात मोजक्या कुलूपबंद शीतपेट्यांत आहे, आणि त्या जपण्याची जबाबदारी असलेल्या थोड्या संस्थांमध्ये २०२५ मध्ये भोपाळच्या संस्थेचं नाव आलं. ज्याच्या भीतीनं लिंगार्ड पुणे सोडून मुक्तेश्वरला गेले, तो रोग आज फक्त अशा बंद खोल्यांत उरला आहे.

फाशी मात्र मातीत आहे, लाळ-खुरकूत बाजारात आहे, आणि २०२२ च्या पावसाळ्यात गुरांच्या लम्पी त्वचारोगानं राज्यभरचे बाजार आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या, ती आठवण ताजी आहे. तेव्हा मावळातल्या वाचकाला एवढंच सांगणं, की जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलं, तर ते उघडू नका, कातडं काढू नका, ओढत ओढ्याकाठी नेऊ नका. कुत्री-कावळे लागू देऊ नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत दावणीतली बाकीची जनावरं लांब बांधा.